डॉल्फिनचं पिल्लू पाण्यातच जन्मतं तर बुडत कसं नाही? (पोराच्या प्रश्नांनी डोकं खाल्लंय)

बोरीची_लेक (परभणी)
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दापोलीकडं गेलो होतो, कर्दे-मुरूडला. आमच्या पोरानं (चौथीत हाय) पहिल्यांदाच समुद्र बघितला आन होडीतून डॉल्फिनबी दिसले, त्यात एका मोठ्याच्या बाजूला चिकटून एक लहानगं होतं, मोठं वर आलं की हेबी वर, मोठं खाली गेलं की हेबी गायब. तवापासून घरात दुसरा विषय नाही. मम्मी ते पाण्यातच जन्मलं का, मंग पहिला श्वास कसा घेतला, बुडलं कसं नाही, दूध पितं का, पाण्यात दूध सांडत नाही का. मी बीकॉम, ह्याचे पप्पा एसटीत, आम्हाला काय कळतंय. मोबाईलवर बघितलं तर पाच जागी पाच गोष्टी. कुणाला नीट म्हाईत असंल तर सांगा, लेकराला समजंल असं.

नांदेडी_पोरगं
ताई, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं आन तुम्ही मराठवाड्याच्या कट्ट्यावर डॉल्फिनचं बाळंतपण काढलंय 😂 चालू द्या, मी चहा घेऊन बसलोय.

पैठणचा_पाहुणा
कोकणात कशाला जायचं, आमच्या नाथसागरात डॉल्फिन आलाय म्हणून मागं व्हॉट्सॲपवर व्हिडिओ फिरत होता की.

उदगीर_टू_रत्नागिरी
पैठणकर, तो व्हिडिओ दुसरीकडचा असणार. नाथसागरात फ्लेमिंगो येतात ते खरं, डॉल्फिन नाही. गोड्या पाण्यातला डॉल्फिन आपल्या देशात गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात हाय आन थोडे पंजाबात बियास नदीत. गोदावरीत नाही.

बोरीच्या ताई, मी मूळचा उदगीरचा, नोकरीमुळं रत्नागिरीला पडलोय. इथं मच्छीमारांत उठणं-बसणं असतं आन ह्या विषयाचं वेड हाय, म्हून जरा लांबण लावतो.

तुम्हाला दापोलीला दिसला तो बहुतेक हम्पबॅक डॉल्फिन, पाठीवर मदार असल्यासारखा उंचवटा असतो बघा त्याला. किनाऱ्याला धरून उथळ पाण्यात राहतो म्हून पर्यटकांना दिसतो. पण पिल्लांचा खरा बारीक अभ्यास झालाय तो बॉटलनोज डॉल्फिनवर. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सॅरासोटा खाडीत १९७० पासून एकाच टोळीची पिढ्यान् पिढ्या नोंद ठेवायलेत, कोण कुणाची लेक, कोण कुणाची नात सगळं. दुसरं ठिकाण ऑस्ट्रेलियातलं शार्क बे, तिथं १९८० च्या दशकापासून. म्हून मी खाली जे सांगतो ते बहुतेक बॉटलनोजचं समजा, बाकीच्यांचं थोडं इकडंतिकडं.

गाभण काळ साधारण बारा महिने. पिल्लू एकच, जुळं म्हणजे फारच क्वचित. जन्मताना एक मीटरच्या थोडं वर लांब आन दहा ते वीस किलो वजनाचं. शेवटच्या महिन्यांत आईचं पोट इतकं फुगतं की तिला पाणी कापायला जड जातं, वेग कमी होतो, म्हंजे शार्कपासून पळायला अन् मासा पकडायला दोन्हीकडून अडचण.

आन बाहेर येताना बहुतेक वेळा शेपटी आधी, डोकं शेवटी.

दूधवाले_आप्पा (औसा)
म्हंजे सगळे डॉल्फिन पायाळू की 😄 पायाळू माणसाला जमिनीतलं पाणी कळतं म्हणतात, आमच्या गावात बोअर पाडायच्या आधी पायाळू माणूस हुडकतेत नारळ घेऊन. ह्यांना तर पाण्यातच जन्माला घातलंय देवानं.

डॉ_गुरंढोरं (हिंगोली)
आप्पा 🙏😂

मी जनावरांचा डॉक्टर आहे, मला ह्यात शंका आहे म्हणून विचारतो. गाई-म्हशीत नॉर्मल म्हणजे पुढचे दोन पाय आणि त्यावर डोकं. मागचे पाय आधी दिसले की आमची धावपळ, कारण वासराचं डोकं अजून आत असतं आणि नाळ दाबली जाते, वेळ लागला की वासरू आतच श्वास घ्यायला बघतं आणि गेलं. मग डॉल्फिनमध्ये शेपटी आधी हे नॉर्मल कसं? उलट तिथं तर बाहेर हवा पण नाही.

उदगीर_टू_रत्नागिरी
डॉक्टर, नेमका प्रश्न. पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं की डोकं आधी आलं तर पिल्लू बुडेल म्हून शेपटी आधी. हे काय पूर्ण पटण्यासारखं नाही. एक तर नाळ चालू हाय तोपर्यंत त्याला श्वासाची गरजच नाही, आन दुसरं म्हंजे डोकं आधी येऊन धडधाकट जन्मलेल्या पिल्लांच्या नोंदी हायेत. त्यामुळं डोकं आधी आलं की मेलंच असं काय नाही. आकाराचा भाग असणार त्यात, डॉल्फिनला मागचे पाय नाहीत, कमरेचं हाड नावापुरतं, पिल्लू म्हंजे दोन्हीकडून निमुळता गोळा. वासरासारखे लांब लांब पाय अडकायचा प्रकारच नाही. शेपटीचे पंख आन पाठीवरचा पंख आत असताना मऊ, दुमडलेले असतात, बाहेर आल्यावर हळूहळू ताठ होतात.

शेपटी दिसायला लागल्यापासून पिल्लू बाहेर यायला कधी अर्धा-एक तास, कधी त्याच्याही वर. आई एका जागी थांबत नाही, पोहत राहते, अंग वाकवते, मधीच जोरात वळते. बऱ्याचदा बाहेर आल्यावर त्या झटक्यातच नाळ तुटते. कुणी कापत नाही, चाटतबी नाही. पिल्लू तसंच वर जातं, कधी स्वतःच, कधी आई खालून ढकलते, कधी सोबतची मादी. टाळूवरचं एकुलतं नाक, म्हंजे ब्लोहोल, पाण्याच्या वर आलं की उघडतं. पाण्याखाली ते आपोआप बंदच असतं, उघडायलाच जोर लावावा लागतो, आपल्या उलटं. बोरीच्या ताईंच्या पोराला हे सांगा, बुडत का नाही त्याचं अर्धं उत्तर हे हाय. तोंडानं ते श्वास घेतच नाही, तोंडाचा अन् फुप्फुसाचा रस्ताच वेगळा.

डॉ_गुरंढोरं
हे पटलं. वार कधी पडते?

उदगीर_टू_रत्नागिरी
काही तासांनी. आन तुमच्या कामाची गोष्ट सांगतो, वार गाईसारखी गुंड्या-गुंड्यांची नसते, घोडीसारखी सगळीकडं पसरलेली असते.

डॉ_गुरंढोरं
म्हणजे आईच्या रक्तातली प्रतिकारशक्ती वारेतून फारशी जात नसणार, चिकातूनच मिळणार. आमच्यासारखंच. म्हणून पहिले काही तास महत्त्वाचे.

उदगीर_टू_रत्नागिरी
बरोब्बर. आन योगायोग नाही तो, नातंच हाय. डॉल्फिन-देवमासे हे गाय, डुक्कर, पाणघोडा ह्यांच्याच मोठ्या कुळातले, सगळ्यात जवळचा पाणघोडा. पोटसुद्धा कप्प्याकप्प्यांचं असतं डॉल्फिनचं, रवंथ करत नाही तेवढंच. पाच कोटी वर्षांपूर्वी ह्यांचे पूर्वज जमिनीवर चार पायांवर होते, त्याच गोतावळ्यातल्या इंडोह्यूस नावाच्या हरणाएवढ्यापेक्षाबी बारक्या प्राण्याची हाडं आपल्या काश्मीरच्या बाजूला सापडलीत. गर्भ पहिल्या काही आठवड्यांचा असताना मागच्या पायांचे कोंब दिसतात आन मंग विरून जातात. नाकाडावर चार केसबी असतात जन्मताना, नंतर गळतात. आन बेंबी तर असतेच.

दूधवाले_आप्पा
आता मुद्द्याचं बोला. फॅट किती लागते?

नांदेडी_पोरगं
आला, आप्पांचा प्रश्न आला 😂😂

दूधवाले_आप्पा
हसू नको. देवणीला चार-साडेचार लागली तर आम्ही खूश, म्हशीला सात. डेअरीवाला त्यातबी काटा मारतो. सांगा सर.

उदगीर_टू_रत्नागिरी
बॉटलनोजच्या दुधात दहापासून तीस टक्क्यांपर्यंत फॅट मोजलीय. व्यायल्यावर सुरुवातीला कमी, पुढं वाढत जाते.

दूधवाले_आप्पा
तीस!! आरं ते दूध हाय का भूमच्या भट्टीवरला खवा. पिल्लाला घशाखाली उतरतंय कसं.

उदगीर_टू_रत्नागिरी
घट्ट असतं पण खवा नाही, साय काढल्यासारखं म्हणा. साखर मात्र अगदी कमी. पिल्लाला थंड पाण्यात अंगावर चरबीचा थर चढवायचाय, म्हून देवानं म्हणा नाहीतर निसर्गानं म्हणा, फॅटवर जोर दिलाय.

आता सांडत का नाही. डॉल्फिनला बाहेर लोंबणारी कास नसते, पोहताना अडचण होईल. पोटाखाली शेपटीकडच्या बाजूला दोन चिरा असतात, सड त्यांच्या आत. पिल्लू खालून येतं, त्या चिरेला नाकाडानं ढुसण्या देतं, तुमचं वासरू कासेला देतं तसंच आप्पा, मंग आई जराशी कुशीवर होते आन सड बाहेर येतं. पिल्लाला आपल्यासारखे ओठ नाहीत चोखायला. ते जिभेची नळी करतं, जिभेच्या कडेला झालरीसारखे बारीक दाते असतात, ते एकमेकांत बसले की गच्च बसतं सडाभोवती. आन आई आतल्या स्नायूंनी दूध पिचकारीसारखं सोडते. एका वेळेला जेमतेम काही सेकंद. मंग पिल्लू सोडून वर श्वासाला जातं, परत येतं, परत दुसऱ्या बाजूला. सुरुवातीच्या दिवसांत तासाला कितीतरी वेळा, रात्रीबी, दिवसाबी. झालरीचे ते दाते पिल्लू मोठं झालं की झिजून जातात.

दूधवाले_आप्पा
म्हंजे पान्हा सोडते ती, काढून घेत नाही ते. हे लई भारी. आमच्याकडं वासरू मेलं की म्हैस पान्हा चोरती, मंग भोत (वासराच्या कातड्यात पेंढा भरलेलं) दाखवावं लागतंय.

झोप_उडालेली_आई (जालना)
मी वाचतच होते नुसतं, पण "तासाला कितीतरी वेळा, रात्रीबी दिवसाबी" वाचून राहवलं नाही. माझं दोन महिन्यांचं आहे. ह्या डॉल्फिनच्या बाया झोपतात कधी?

उदगीर_टू_रत्नागिरी
ताई, जोरात विचारलंत. झोपतच नाहीत जवळजवळ. २००५ मध्ये नेचर मासिकात एक अभ्यास आला होता, बॉटलनोज आन ओर्का (ओर्काबी डॉल्फिनच्याच घराण्यातला) ह्यांची नवी पिल्लं पहिला महिनाभर चोवीस तास हलतीच असतात, थांबून पडून राहणं जवळपास शून्य, आन त्यामुळं आईबी. बाकी सगळ्या प्राण्यांत पिल्लं जास्त झोपतात, ह्यांचं उलटं. पुढं काही महिन्यांत हळूहळू मोठ्यांसारखी विश्रांती सुरू होते.

त्यावर दुसऱ्या संशोधकांनी पुढच्याच वर्षी हरकत घेतली की नुसतं पोहत होते म्हून जागेच होते असं कशावरून, कारण डॉल्फिन अर्ध्या मेंदूनं झोपतो, एक डोळा उघडा ठेवून, आन पोहता पोहताबी झोपू शकतो. तो वाद मला पटण्यासारखा वाटतो. पण थांबायचं नाही हे दोघांनाबी मान्य.

झोप_उडालेली_आई
अर्ध्या मेंदूनं तर मी पण चालायलेय सध्या 😭 नवरा मात्र पूर्ण मेंदूनं झोपतो.

नांदेडी_पोरगं
डॉल्फिनचा नवरा काय करतो सर? म्हंजे बाप.

उदगीर_टू_रत्नागिरी
काहीच नाही. गाभण करून निघून जातो. नर दोघं-तिघं मिळून टोळी करतात, वर्षानुवर्षं टिकते ती दोस्ती, आन माद्यांच्या मागं फिरतात. पिल्लू सांभाळण्यात त्यांचा हात नाही. उलट काही वेळा नरच पिल्लाला मारतात. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आन अमेरिकेत व्हर्जिनियात १९९० च्या दशकात अशी पिल्लं सापडली, वरून फारसं काही दिसत नव्हतं, आत बरगड्या मोडलेल्या. कारण असं लावतात की पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते. चौथीतल्या पोराला हे सांगू नका ताई.

बोरीची_लेक
नाही सांगत बाबा. तो तर डॉल्फिन म्हंजे देवमाणूस समजायला लागलाय. पण सर ते चिकटून पोहणं काय असतं? आमचं हे विचारायलंय की पिल्लाला आईनं धरलेलं असतं का, हात तर नाहीत.

उदगीर_टू_रत्नागिरी
हे लई सुंदर हाय, नीट सांगतो. पिल्लू आईच्या बाजूला, पाठीवरच्या पंखाच्या जरा खाली-मागं असं राहतं, अंगाला अंग लागेल इतकं जवळ. आई पोहते तेव्हा तिच्या अंगाभोवतीचं पाणी तिच्यासोबत पुढं ओढलं जातं, आन पिल्लू बरोबर त्या ओढीत राहतं. म्हून पिल्लाला शेपटी कमी वेळा मारावी लागते आन तरी आईच्या वेगानं जातं, नाहीतर एवढंसं लेकरू तिच्या वेगाला टिकलंच नसतं. फुकट मात्र काही नाही, तेवढा भार आईवर पडतो, पिल्लू बाजूला असताना आईचा स्वतःचा वेग घटतो. जरा मोठं झालं, काही आठवड्यांनी, की ते आईच्या पोटाखाली जायला लागतं, शेपटीजवळ. तुमच्या पोरानं बाजूला चिकटलेलं बघितलं असंल तर ते लहानच असणार.

अजून एक खूण. नव्या पिल्लाच्या अंगावर उभे फिकट पट्टे दिसतात, आईच्या पोटात घडी होऊन बसलेलं असतं त्या घडीचे वळ, काही महिन्यांत जातात. आन श्वास घ्यायला येतं तेव्हा मोठ्यांसारखं गुळगुळीत वर-खाली होत नाही, अख्खं डोकं हनुवटीसकट बाहेर काढतं, टप्पकन.

बोरीची_लेक
हो हो अगदी असंच! टप्पकन! मी ह्यांना म्हणलं पण होतं, हे बघा कसं डोकं काढायलंय.

मास्तरीणबाई (बीड)
छान चाललाय धागा. मी झेडपी शाळेत आहे, विज्ञान शिकवते. मला आवाजाबद्दल विचारायचं आहे. आई आणि पिल्लू समुद्रात एकमेकांना ओळखतात कसे, सगळे करडेच तर दिसतात.

उदगीर_टू_रत्नागिरी
मॅडम, शिट्टीवरून. प्रत्येक बॉटलनोजची स्वतःची एक शिट्टी असते, जवळपास नावासारखी. पिल्लू जन्मतं त्या सुमाराला आई आपली शिट्टी नेहमीपेक्षा जास्त वाजवते, लेकराच्या कानात बसावी म्हून असेल. पिल्लू पहिल्या वर्षात स्वतःची वेगळी शिट्टी तयार करतं, आन तीच पुढं आयुष्यभर, नरांची कधीकधी बदलते.

२०२३ मध्ये सॅरासोटातल्या १९ आयांच्या रेकॉर्डिंगचा अभ्यास आला, अनेक वर्षांत गोळा केलेली रेकॉर्डिंग. त्यात दिसलं की तीच आई तीच शिट्टी पिल्लू जवळ असताना वाजवते तेव्हा आवाज जास्त वर चढवते, जास्त खालीवर करते. आपल्या बायका लेकराशी "अले माजं बबडं" करतात, त्यातलाच प्रकार.

मास्तरीणबाई
हे उद्या वर्गात सांगते. पोरं आता दिवसभर शिट्ट्या मारणार, हेडमास्तर मला बोलणार.

दूधवाले_आप्पा
किती वर्सं दूध पाजती? आमची म्हैस दहा महिने देती अन् मंग भाकड.

उदगीर_टू_रत्नागिरी
आप्पा, पिल्लू चार-सहा महिन्यांचं झालं की बारकं मासं तोंडात घ्यायला लागतं, दात तोवर फुटलेले असतात. पण दूध सुटत नाही. दीड-दोन वर्षं तर सहज. शार्क बेमध्ये तीन-चार वर्षं, आन काही पिल्लांना त्याच्याही पुढं पाजलेलं नोंदलंय. तेवढी सगळी वर्षं ते आईच्या मागंच. म्हून मादी दर साली व्यात नाही, दोन वेतांत तीन ते सहा वर्षं.

दूधवाले_आप्पा
एवढ्या वर्सांत आमच्याकडं म्हशीची नात व्याली असती. एवढं काय शिकवती ती?

उदगीर_टू_रत्नागिरी
खायला कसं मिळवायचं ते, आप्पा. गवत जाग्यावर उभं असतंय, मासा पळतोय.

शार्क बेची पिल्लं शिकार कशी शिकतात त्याचं वर्णन वाचा कधी. पिल्लू उलटं होतं, पोट वर, आन पाण्याच्या पृष्ठभागाशी एखाद्या बोटभर माशाच्या मागं लागतं, खालून बघितलं की वरच्या उजेडात मासा उठून दिसतो म्हून. पकडतं, सोडतं, परत पकडतं. आई तिकडं खाली स्वतःचं खाणं शोधत असते, पिल्लू एकटं इकडं खेळत बसतं, अन् मधीच शिट्टी मारून पळत आईकडं. बहामातल्या ठिपकेवाल्या डॉल्फिनच्या आया तर पिल्लू बघत असलं की शिकार मुद्दाम लांबवतात, मासा लगेच धरत नाहीत, त्याला पळू देतात, मागं लागतात.

आन शार्क बेमध्येच काही माद्या नाकाडावर समुद्रातला स्पंज टोपीसारखा घालून तळ उकरतात, नाकाडाला खरचटू नये म्हून. ही कला आईकडून मुख्यतः लेकींकडं जाते, पोरं फारशी उचलत नाहीत. शिकायला वर्षं लागतात. त्या स्पंजवाल्या घराण्यात जन्मलं तरच येतं, शेजारच्याला बघून येत नाही सहसा.

झोप_उडालेली_आई
लेकी शिकतात, पोरं उंडारतात. समुद्रात पण.

नांदेडी_पोरगं
मी चहा ठेवतो खाली आन निषेध नोंदवतो.

डॉ_गुरंढोरं
जगतात किती? पिल्लांतली मर?

उदगीर_टू_रत्नागिरी
डॉक्टर, कठीण हाय. शार्क बेमध्ये दहातली चार पिल्लं तीन वर्षांची व्हायच्या आत जातात. शार्क, आईचं खाणं कमी पडणं, आई-पिल्लाची ताटातूट. मच्छीमारी जाळ्यात अडकून श्वासाला वर येता न येणं हे तर सगळीकडचं. सगळ्यात जास्त धोका पहिल्या काही महिन्यांत.

आन एक गोष्ट तुम्हाला विशेष वाटंल. सॅरासोटात पहिलटकरणीचं पिल्लू जास्त दगावतं असं दिसलंय. अनुभव नसतो हे एक. पण दुसरं कारण दूध. पीसीबीसारखी जुनी कारखान्यांतली रसायनं समुद्रात साठून माशांतून मादीच्या चरबीत जमा होत राहतात, ती व्याली की चरबीतून दूध बनतं आन त्या दुधातनं आयुष्यभराची साठवण बरीचशी पहिल्या पिल्लाच्या अंगात उतरते. पुढच्या वेतांना त्यामानानं कमी येतं. नराला हा निचराच नाही, म्हून त्याच्या अंगात वयाबरोबर वाढतच जातं.

डॉ_गुरंढोरं
बाप रे. हे नव्हतं माहीत. फवारलेल्या कडब्यातून दुधात औषध येतं हे आम्ही शेतकऱ्यांना सांगून थकतो.

मास्तरीणबाई
मेलेलं पिल्लू आई डोक्यावर घेऊन फिरते म्हणतात ते खरं का?

उदगीर_टू_रत्नागिरी
खरं हाय मॅडम. बऱ्याच जातींत दिसलंय. सगळ्यात गाजलेली ती अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरची ओर्का, जे३५ नंबरची, ताहलेक्वा म्हणतात तिला. २०१८ मध्ये तिचं पिल्लू जन्मून लगेच गेलं, ती ते नाकाडावर ढकलत १७ दिवस पोहली, घसरून खाली जायला लागलं की बुडी मारून परत वर आणायची. २०२५ च्या सुरुवातीला परत तीच दुसरं मेलेलं पिल्लू घेऊन दिसली. दुःख म्हणावं का सवय म्हणावं, त्यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. मला विचाराल तर १७ दिवस कुणी सवय म्हणून ओझं ओढत नाही.

दूधवाले_आप्पा
आमची म्हैस दोन दिवस हंबरती, वैरणीला तोंड लावत नाही. आमाला कुणी शास्त्रज्ञ लागत नाही ते सांगायला.

पैठणचा_पाहुणा
गंगेतल्या डॉल्फिनचं काय सर? तुम्ही वर म्हणलात ते. त्याचं पिल्लू बी असंच?

उदगीर_टू_रत्नागिरी
थोडं वेगळं. सूस म्हणतात तिकडं. गाभण काळ नऊ-दहा महिने, पिल्लूबी एकच, पाऊण-एक मीटरचं, आन समुद्रातल्यापेक्षा लवकर स्वतंत्र होतं, वर्षभरात. डोळा जवळजवळ नाहीच, भिंगच नसतं, गढूळ पाण्यात सगळं आवाजावर चालतं. पिल्लाचं नाकाड जन्मताना त्यामानानं आखूड असतं, मंग लांब होत जातं. २००९ पासून आपला राष्ट्रीय जलचर. देशभर नदीतल्या डॉल्फिनची मोजणी झाली, २०२५ मध्ये आकडा आला ६३२७, त्यात बियासमधले फक्त ३. बिहारमध्ये भागलपूरजवळ विक्रमशिला अभयारण्य १९९१ पासून हाय त्यांच्यासाठी. जायकवाडीत यायचं तर त्यांना एसटीच करावी लागंल, बोरीच्या ताईंच्या मालकांना विचारा.

बोरीची_लेक
हाफ तिकीट लागंल का पिल्लाला 😂

सर एक राहिलं. आम्ही गेलो तवा तीन-चार होड्या एकदमच डॉल्फिनच्या मागं लागल्या, इंजिन फुल्ल, समोरून आडवी घातली एकानं. ते पिल्लूवालं जोडपं खाली गेलं ते परत आलंच नाही. पोरगं रडलं. असं केल्यानं पिल्लाला काय होतं का?

उदगीर_टू_रत्नागिरी
होतं ताई. वर सांगितलं ना, पिल्लू आईच्या पाण्याच्या ओढीत राहून टिकतं. आईनं एकदम दिशा बदलली, वेग वाढवला की ते त्या जागेतून सुटतं. मंग त्याला आईला गाठायला स्वतःच्या ताकदीवर पोहावं लागतं आन त्याच्या रक्तात अन् स्नायूंत ऑक्सिजन साठवायची ताकद मोठ्यांइतकी आलेली नसते, फार खाली, फार वेळ त्याला जमत नाही. दूध पाजायचं राहतं ते वेगळंच, कारण त्याला शांतपणा लागतो. इंजिनाच्या आवाजात शिट्ट्या झाकल्या जातात. एका होडीनं काही बिघडत नाही, पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर अर्ध्या तासाला हेच चाललं तर आईचा अख्खा दिवस पळण्यात जातो.

होडीवाल्यांना शिव्या घालून उपयोग नाही, आपणच म्हणतो "जवळ घ्या ना दादा, फोटो येईना". तुम्ही बसायच्या आधीच ठरवून घ्या की मागं लागायचं नाही, लांबच इंजिन बारीक करून थांबायचं, समोरून आडवी घालायची नाही, दोन कळपांच्या मधी घुसायचं नाही आन पिल्लू दिसलं की निघायचं. हम्पबॅक डॉल्फिन वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत हाय, वाघाच्या रांगेत. बरेच होडीवाले ऐकतात, पैसे तेवढेच मिळणार असले की त्यांचंबी डिझेल वाचतंय.

नांदेडी_पोरगं
त्यापेक्षा दुबईसारखा शो आपल्याकडं का नाही करत, टाकीत पिल्लूबी जवळून दिसलं असतं.

उदगीर_टू_रत्नागिरी
कारण केंद्र सरकारनं मे २०१३ मध्येच डॉल्फिनच्या शोला, टाक्यांना परवानगी द्यायची नाही असं सगळ्या राज्यांना कळवलंय. आन बरं केलं. शार्क बेची पोरं तीन-चार वर्षं आईच्या मागं मैलोन् मैल फिरून जे शिकतात ते टाकीत कुठं शिकणार, मेलेला मासा बादलीतून खायचा एवढंच.

दूधवाले_आप्पा
शेवटचं विचारतो, मंग धारा काढायची येळ झाली. किती वयापतोर व्यातेत?

उदगीर_टू_रत्नागिरी
पहिलं वेत साधारण सहा ते बारा वर्षांच्या मधी. आन शेवटचं... सॅरासोटात एक मादी ४८ व्या वर्षी व्याली, पिल्लू नीट पाजलं, वाढवलं. माद्या साठीच्या पुढंबी जगतात, नर त्यामानानं लवकर जातात. वय दातावरून कळतं, दात उभा कापला की आत वर्षाला एक असे थर दिसतात.

दूधवाले_आप्पा
गुरांच्या बाजारात बी आमी दातच बघतो. ४८ व्या वर्सी व्याली म्हणल्यावर तर आठवडी बाजारात तिला किंमतच लावता येणार नाही. चला, म्हस वरडायली.

बोरीची_लेक
सर, पोराला सगळं वाचून दाखवलं (नरांचं सोडून). त्यानं आता नवीन विचारलंय, पिल्लाला दूध पिताना मीठ लागतं का तोंडात. सांगा लवकर, झोपायचं नाव घेईना.

उदगीर_टू_रत्नागिरी
जिभेची ती नळी गच्च बसते म्हून समुद्राचं पाणी फारसं शिरत नाही, असं सांगा. आन डॉल्फिनला आंबट-गोड चवी फारशा कळतच नाहीत असं त्यांच्या जनुकांवरून दिसतं, खारट तेवढं कळत असावं. आता झोपवा त्याला.